मी भाकरी खाल्ले



मला 'संगणक आणि आपण' यावर बोलायला सांगितलं होतं. ते राहू द्या, मी व्याकरणावर बोलणार आहे. मागच्या बाकावरचा सुस्कारा ऐकू आला बरं का!

माझ्या घरी तेलुगू. शुक्रवार पेठेतल्या या शाळेत पाचवीला आले तेव्हा मराठी कळायचं, पण बोलताना घसरायचं. एकदा बाईंना सांगितलं, 'मी भाकरी खाल्ले.' वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर कर्ता, कर्म, क्रियापद असे तीन रकाने आखले. म्हणाल्या, 'क्रियापद कुणाचं ऐकतं ते बघ.' कर्ता बदलला : तिने, राजूने, आम्ही. 'खाल्ली' जागचं हललं नाही. मग कर्म बदललं : भात खाल्ला, केळं खाल्लं. हा कर्मणी प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची नि काय हलतं ते पाहायचं. पुढे इंजिनिअर झाल्यावर प्रोग्रॅममधल्या चुका मी अशाच शोधत आले.

ज्यांच्या घरात मराठी, त्यांना हे कानाने येतं. आपल्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली मुलं कितीतरी होती. तेलुगू-कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगात. खुर्ची 'ती' आणि पंखा 'तो' का, हे आमचा कान सांगत नाही. आम्हाला नियम लागतो, आणि अपवादही : ईकारान्त नामं बहुधा स्त्रीलिंगी, पण पाणी, लोणी 'ते' आणि मोती 'तो'.

परवा भाच्याचं पुस्तक पाहिलं. व्याकरण धड्याखालच्या चौकटीत, परीक्षेला कृतिपत्रिका. त्याला समास ओळखता येतो. पण 'मी पुस्तक वाचलो' हे का चुकलं, असं विचारलं तर म्हणाला, 'कानाला बरं लागत नाही, असं शिकवणीचे सर म्हणतात.' त्याच्या कानाला ते चांगलंच लागतं, हीच तर अडचण!

जुनं सगळं चांगलं होतं असं नाही. मालिनी, मंदाक्रांतेचे गण घोकले, ते गेले तर मी रडणार नाही. मो. के. दामल्यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगांवर लांबच लांब चर्चा आहे, तीही पोरांच्या डोक्यावर ओतायला नको. पण तीन रकाने तरी?

मी महिन्यातून एकदा सोलापूरला येते. मुख्याध्यापकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर एक वर्ग उघडून दिला, तर पाचवी-सहावीच्या अशा मुलांचा तासभर वर्ग घेईन. खडू माझे. बाई, तुम्ही समोरच बसला आहात. पहिल्या तासाला याल ना? माझं चुकलं तर तिथेच सांगा.