त्यांनाही संमेलनास आणा



डाऊन सिंड्रोम असलेली मुले आपल्याही ज्ञातीत आहेत. मात्र लग्नकार्यात ती दिसत नाहीत. उलट 'पूर्वसंचित' म्हणून मातेलाच बोल लाविला जातो. वस्तुतः १९५९ साली पॅरिसचे डॉ. लेज्यून व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. बहुधा हा केवळ योगायोग. कोणाचे पाप नव्हे. हृदय, श्रवण व थायरॉइड यांची वेळीच तपासणी आणि बालपणापासून योग्य शिक्षण लाभल्यास ही मुले पुष्कळ शिकतात. अनेकजण पन्नाशी ओलांडतात. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या 'कामायनी'सारख्या संस्थांनी हे शिक्षण दिले आहे. तेव्हा पुढील संमेलनास या मुलांना अवश्य आणावे व पहिल्या रांगेत बसवावे, ही विनंती.