वजाबाकीतले पाणी

(पाणीप्रश्नावरील कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृष्णेच्या पाण्याचा तंटा लवादापुढे गेला, गोदावरीचा गेला, नर्मदेचा आणि कावेरीचाही गेला. या सर्व तंट्यांत भांडण असते ते नदीतून वाहणाऱ्या आणि धरणात साठणाऱ्या पाण्याचे. परंतु पावसाच्या रूपाने भूमीवर उतरलेल्या पाण्याचा फार मोठा हिस्सा नदीपर्यंत पोहोचतच नाही. तो मातीतून, तळ्यांतून, पिकांच्या व वृक्षांच्या पानांतून वाफ होऊन पुन्हा आकाशात जातो. जगाच्या भूभागावर पडणाऱ्या पावसापैकी सुमारे तीन पंचमांश पाणी याच वाटेने परत जाते. या पाण्याचा हिशेब कसा ठेवला जातो, आणि तो नीट न ठेवल्याने कोणाचे फावते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पाण्याचा जमाखर्च तत्त्वतः सोपा आहे. पडलेला पाऊस ही जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला नदीनाल्यांतून वाहून गेलेले पाणी आणि वाफ होऊन गेलेले पाणी. शिल्लक म्हणजे जमिनीत व जलाशयांत पडलेली भर. पाऊस मोजायला पर्जन्यमापक आहे, प्रवाह मोजायला नदीवर मापनकेंद्रे आहेत, विहिरीची पातळी तर दोरीनेही मोजता येते. वाफ मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिचा आकडा पुष्कळदा वजाबाकीने काढला जातो. जे उरले ते बाष्पीभवन! ज्याने एखाद्या सहकारी संस्थेचे हिशेब तपासले असतील त्याला ठाऊक असते की, वजाबाकीने काढलेल्या रकमेत बाकी साऱ्या रकमांतल्या चुका येऊन दडतात. पर्जन्यमापक अपुरे असोत, पाणी चोरून उपसलेले असो की भूजलाचा अंदाज फसलेला असो, दोष अखेर बाष्पीभवनाच्या खात्यात जमा होतो.

याचा अर्थ बाष्पीभवन हिशेबात धरताच येत नाही असा नव्हे. ज्या ठिकाणी कोणाचा तरी हितसंबंध असतो तेथे ते काटेकोरपणे धरले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७३ साली निवाडा दिला, तेव्हा आंध्र प्रदेशच्या वाट्यात एकट्या श्रीशैलम जलाशयाच्या बाष्पीभवनापोटी ३३ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे ९३ कोटी घनमीटर, पाणी वेगळे दाखवले. धरणावरून उडून जाणाऱ्या पाण्याला वकील मिळाला. त्याच खोऱ्याच्या माथ्यावरच्या अरण्यातून जे पाणी आकाशात जाते, त्याचे खाते मात्र कोणी उघडले नाही. कारण अरण्याच्या वतीने लवादापुढे उभे राहणारे कोणी नव्हते.

आता ही वाफ मोजतात कशी ते पाहू. हवामान केंद्राच्या आवारात लाकडी चौकटीवर ठेवलेले पाण्याचे एक गोल, उथळ पात्र असते. त्याचा व्यास सुमारे १२२ सेंटिमीटर. पशुपक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वर तारेची जाळी असते. रोज सकाळी पात्रातली पातळी किती उतरली ते पाहतात. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात ती दिवसाला दहा-बारा मिलिमीटरही उतरते. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी, हे लक्षात ठेवले की या आकड्याचे गांभीर्य कळते. परंतु हे पात्र हवेची तहान मोजते. जमिनीने प्रत्यक्ष किती पाणी दिले ते त्यावरून कळत नाही. त्याच मे महिन्यात शेजारचे नांगरलेले कोरडे रान हवेला जवळजवळ काहीच देत नाही. त्याच्यापाशी देण्यासारखे काही उरलेले नसते. खोल मुळांचा एखादा आंबा मात्र त्याही दिवसांत जमिनीच्या पोटातले पाणी वर ओढून पानांवाटे सोडत राहतो. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात.

हवेची मागणी आणि भूमीचा पुरवठा यांची सांगड घालण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केला. डाल्टनने १८०२ मध्ये बाष्पीभवनाचा संबंध हवेतील बाष्पाच्या दाबाशी जोडला. पेनमन यांनी १९४८ मध्ये त्यात सूर्याच्या ऊर्जेचा हिशेब मिळवला. माँटीथ यांनी १९६५ मध्ये पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडमीट करून पाण्याला कसा अटकाव करतात तेही समीकरणात आणले. पिकांची पाण्याची गरज आज जगभर मुख्यतः याच सूत्राने काढतात.

अरण्याचे मोजमाप याहून अवघड. शेतातील मातीचा ठोकळा टाकीत बसवून त्यातले पाणी घटते किती ते पाहता येते. उभे अरण्य टाकीत बसत नाही. तरीही इंग्लंडमध्ये लँकाशायर परगण्यात फ्रँक लॉ या पाणीपुरवठा अभियंत्याने स्टॉक्स जलाशयाच्या काठी सूचिपर्णी झाडांचा एक तुकडा भोवती बांध घालून वेगळा केला आणि तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला. १९५६ साली त्याने जाहीर केले की, ही झाडे गवतापेक्षा कितीतरी अधिक पाणी हवेत घालवतात. वनखात्याला हे रुचणे शक्य नव्हते. परंतु पुढे वेल्समधील प्लिनलिमन येथे शेजारच्या दोन खोऱ्यांचे, एक वनाच्छादित व दुसरे गवताळ, दीर्घकाळ निरीक्षण झाले आणि लॉचे म्हणणे खरे ठरले. पानांवर अडकलेला पाऊस जमिनीवर पडण्यापूर्वीच उडून जातो, हे त्याचे मुख्य कारण.

जोडीच्या खोऱ्यांची ही पद्धत आणखी जुनी आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधील वॅगन व्हील गॅप येथे १९१० ते १९२६ या काळात दोन सारख्या खोऱ्यांची मापे घेतली. मध्यंतरी एकातली झाडे तोडली आणि फरक पाहिला. तोडलेल्या खोऱ्याचा प्रवाह वाढला. १९८२ साली बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी जगभरच्या अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला. निष्कर्ष बहुतांशी एकाच दिशेचा निघाला. झाडे कमी केली की वर्षभराचा एकूण प्रवाह वाढतो, लावली की घटतो.

येथे आपल्या चळवळीने थोडे थांबून विचार केला पाहिजे. 'झाडे लावा, नदीला पाणी आणा' ही घोषणा आपणही दिलेली आहे. ती सद्‌हेतूने दिली हे खरे. पण मोजमापाच्या कसोटीवर ती सरसकट टिकत नाही. निलगिरी डोंगरांत, उटीजवळ ग्लेनमॉर्गन येथे, भारतीय संशोधकांनीच गवताळ खोऱ्यांच्या जोडीवर प्रयोग केला. १९७२ साली एका खोऱ्याच्या सुमारे ५९ टक्के भागावर युकॅलिप्टस लावले. पहिल्या दहा वर्षांत त्या खोऱ्याचा वार्षिक प्रवाह सरासरी १६ टक्क्यांनी घटला. त्या डोंगरांतले पाणी खाली वीजनिर्मितीच्या धरणांत जाते. म्हणजे वर कारखान्यासाठी लाकूड पिकत होते आणि त्याची किंमत खाली पाण्यात चुकती होत होती. ती कोणाच्याही ताळेबंदात दिसत नव्हती.

याच युकॅलिप्टसवरून कर्नाटकात संघर्ष पेटला. १९८३ साली तुमकूर जिल्ह्यात रयत संघाच्या शेतकऱ्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेतली रोपे उपटून टाकली. नाचणीच्या जमिनी या झाडांखाली जात आहेत आणि विहिरी आटत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी बाजू ते अडाणीपणाचे ठरवीत होती. पुढे भारतीय व ब्रिटिश संशोधकांनी झाडांच्या खोडांत जड पाण्याचा अंश सोडून, ते किती वेगाने पानांवाटे बाहेर पडते ते मोजले. उथळ जमिनीत युकॅलिप्टस स्थानिक पानगळीच्या जंगलापेक्षा अधिक पाणी पीत नाही, असे आढळले. परंतु नाचणीच्या शेताच्या जवळजवळ दुप्पट पाणी ते घेत होते. आणि खोल मातीत तर त्याने वर्षाच्या पावसापेक्षाही अधिक पाणी खर्च केले. म्हणजे वर्षानुवर्षे साठलेली पुंजी ते खणून काढीत होते. वैज्ञानिक उपकरणे येण्यापूर्वी शेतकऱ्याने विहिरीच्या दोरावरून जे ओळखले होते ते निराधार नव्हते. आणि 'झाड म्हणजे पाणी' हे शासकीय सूत्रही पुरते खरे नव्हते.

तर मग जंगल तोडावे काय? असा निष्कर्ष काढणारे हितसंबंधी पुष्कळ भेटतील. त्यांना दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही मोजमापातूनच आलेली आहेत.

पहिले उत्तर मातीचे. वर्षाचा एकूण प्रवाह आणि उन्हाळ्यातला प्रवाह या दोन भिन्न गोष्टी आहेत. गरिबाला एप्रिलमध्ये घागरभर पाणी हवे असते; जुलैचा पूर त्याच्या उपयोगाचा नाही. सह्याद्रीच्या उत्तर कन्नड भागात नैसर्गिक अरण्य, अकेशियाची लागवड आणि उजाड माळ यांची तुलना झाली, तेव्हा मोठ्या पावसाचे सर्वाधिक पाणी उजाड माळावरून धावून गेले आणि अरण्यातून सर्वांत कमी. अरण्याची भुसभुशीत माती पाणी मुरवून घेते. झाड पाणी खर्च करते आणि माती ते जिरवते. या दोहोंतली बाकी जमेची की तुटीची, हे झाडाची जात, मातीची खोली आणि पावसाचे मान यांवर ठरते. शतकांच्या पालापाचोळ्याने तयार झालेली माती तीन वर्षांच्या लागवडीने परत येत नाही.

दुसरे उत्तर आकाशाचे. खोऱ्याच्या हिशेबात जे पाणी 'गेले' म्हणून नोंदले जाते ते कोठेतरी पडतेच. ॲमेझॉनच्या खोऱ्यात एनेआस सालाती व त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसातील जड ऑक्सिजनचे प्रमाण मोजून १९७९ साली हे दाखवून दिले. जड अणू असलेले पाणी आधी बरसते, म्हणून समुद्रापासून आत जावे तसतसा पाऊस हलका होत गेला पाहिजे. तेथे तो अपेक्षेइतका हलका होत नव्हता. कारण वाटेतले अरण्य पडलेले पाणी पुन्हा ढगांच्या स्वाधीन करीत होते. त्या खोऱ्याचा सुमारे निम्मा पाऊस असा फिरून येणारा आहे. आपल्याकडेही मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली संगणकीय प्रारूपावरून अंदाज मांडला की, तामिळनाडूच्या नैर्ऋत्य मोसमी पावसातले पाव ते दोन पंचमांश बाष्प सह्याद्रीच्या वनश्रीकडून येते, आणि तुटीच्या वर्षी हा हिस्सा निम्म्यापर्यंत जातो. कावेरीच्या पाण्यावर दोन राज्ये न्यायालयात झगडत असताना त्यांच्या डोक्यावरून दुसरी एक नदी वाहत होती, आणि तिचे उगम घाटमाथ्यावर तोडले जात होते.

आज अरण्याच्या वर मनोरे उभारून ही आकाशातली नदी थेट मोजता येते. सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचा वर-खाली होणारा वेग आणि हवेतील बाष्प यांची नोंद घेतात. वर जाणाऱ्या झुळकीत बाष्प अधिक आणि खाली येणारीत कमी असेल, तर तो फरक म्हणजे अरण्याने दिलेले पाणी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने काझीरंगाच्या अरण्यात असा मनोरा उभारला आहे. ही पद्धतही निर्दोष नाही. ऊर्जेचा ताळा पाहिला तर पुष्कळदा पंचमांशाएवढी तूट राहते. तथापि वजाबाकीवर विसंबण्यापेक्षा ती कितीतरी श्रेयस्कर आहे.

हे सारे राजकारणापासून दूरचे वाटेल. वस्तुतः ते राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानुसार खाणीसाठी वा धरणासाठी अरण्य द्यायचे तर त्याबदली लागवड करावी लागते, आणि निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. २०१६ च्या कायद्याने त्या पैशाचा निधीही उभा राहिला. पैसे भरले की हिशेब संपला, असे मानले जाते. परंतु एका डोंगरावरचे जुने अरण्य आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या माळावर ओळीने लावलेली एकाच जातीची रोपे पाण्याच्या हिशेबात समान नसतात. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी वृक्षांची मोहीम झाली. यशाचे माप रोपांची संख्या हे होते. त्या रोपांनी कोणाच्या विहिरीतले किती पाणी घेतले आणि किती मुरवले, हा प्रश्न त्या मापात बसत नव्हता.

काही अर्थशास्त्रज्ञ सुचवतात की, अरण्याच्या या सेवेला दर लावावा आणि तिचा बाजार उभारावा. समाजवाद्यांनी येथे सावध राहिले पाहिजे. मोजणे आणि विकणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्या पाण्याला दर लागतो त्याला मालकही लागतो. आणि तो मालक घाटमाथ्यावरचा आदिवासी असेल अशी आशा बाळगण्यास इतिहासात आधार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. नदीखोऱ्याच्या प्रत्येक आराखड्यात बाष्पीभवनाचे खाते स्वतंत्र असावे, आणि तो आकडा मोजलेला आहे की वजाबाकीचा हे त्यात नमूद असावे. लोकांच्या पैशाने घेतलेली मापे लोकांना विनामूल्य मिळावीत. लागवडीचा निर्णय रोपांच्या संख्येवर न होता माती, पाऊस व जात पाहून व्हावा, आणि तो ग्रामसभेपुढे यावा.

कार्यकर्त्यांचे कामही ठरलेले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले आहेत. अशा गावांत एक पर्जन्यमापक, ओढ्यावर एक साधी मोजपट्टी, आणि चार विहिरींच्या पातळीची दर पंधरवड्याची नोंदवही, एवढे तर आजच सुरू करता येईल. दहा वर्षांची अशी वही हाती असलेल्या गावाला प्रकल्पाच्या जनसुनावणीत कोणी अडाणी म्हणू शकणार नाही.