मुक्या जिवाची बाजू



कामगारांच्या सभांत हयात घालवलेला मी माणूस. मी सशांवर बोलणार म्हणून आपणांस हसू येईल. पण ज्याला तक्रार करता येत नाही, त्याची बाजू मांडणे हेच माझे काम.

१९५२ साली फ्रान्समध्ये आर्मां-दलील नावाच्या डॉक्टरांनी आपल्या वाडीतले ससे हटवण्यासाठी दोन सशांना मिक्झोमॅटोसिसचा विषाणू टोचला. वाडीला भिंत होती. पण डासांना आणि पिसवांना भिंत कसली? १९५३ साली तो रोग इंग्लंडातही दिसला. रानातले ससे मेले, तसे खुराड्यांतलेही मेले.

या रोगात डोळे सुजून चिकटतात, तोंडावर सूज येते. दुसरा रोग रक्तस्रावाचा. १९८४ साली तो चीनमध्ये प्रथम आढळला. त्यात रात्री धडधाकट दिसलेला ससा सकाळी मेलेला सापडतो. तो जोड्यांना, कपड्यांना, गवताला चिकटूनही घरात येतो.

रोग जडल्यावर औषध फारसे चालत नाही. म्हणून आधीच जपावे. पशुवैद्याला लशीविषयी विचारावे. खुराड्याला बारीक जाळी लावावी. नवा ससा दोन आठवडे निराळा ठेवावा. हे रोग माणसाला होत नाहीत. पण आपल्याच हातापायांनी ते सशापर्यंत पोचतात.

ससा दुखणे लपवतो. त्याने खाणे टाकले, की तीच त्याची तक्रार समजा. उद्याची वाट पाहू नका.