नागरिक स्मिथ की भाई लांडगे?



विनोदी एकांकिकेत चळवळीतला माणूस कसा रंगवावा, यावर चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. महाविद्यालयीन स्पर्धांच्या संहिता वाचताना एक पात्र मला हमखास भेटतं. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, तोंडात 'शोषण' आणि 'व्यवस्था', आणि शेवटी फजिती. प्रेक्षक खळखळून हसतात. पण ज्याच्याविरुद्ध मोर्चा निघालेला असतो तो मालक किंवा साहेब अशा संहितेत रंगमंचावर फिरकतही नाही. त्याची सगळी सोय लेखकाने आधीच करून ठेवलेली असते. हे मला खटकतं. म्हणून आज एका लंडनकर क्रांतिकारकाची ओळख करून देतो.

बीबीसीवर 1977 ते 1980 या काळात 'सिटिझन स्मिथ' ही विनोदी मालिका चालली. नायक वॉल्टर हेन्री स्मिथ ऊर्फ वुल्फी. दक्षिण लंडनमधल्या टूटिंगचा हा बेकार तरुण चे गव्हेराचा भक्त आहे. डोक्यावर बेरे टोपी, आणि 'टूटिंग पॉप्युलर फ्रंट' या क्रांतिकारी संघटनेचा नेता. संघटनेची सभासदसंख्या एका टेबलाभोवती मावेल एवढी. एक केन, शांततावादी आणि बौद्ध विचारांकडे झुकलेला. एक टकर, पोराबाळांच्या ओझ्याखाली दबलेला. एक स्पीड, हाणामारीपुरता तयार. मालिकेच्या सुरुवातीला वुल्फी टूटिंग ब्रॉडवे स्टेशनातून बाहेर येतो, मूठ उंचावतो आणि 'पॉवर टू द पीपल!' अशी आरोळी ठोकतो. क्रांती जगाची करायची, पण सुरुवात आपल्या स्टेशनापासून! रॉबर्ट लिंडसेने ही भूमिका अशी केली की वुल्फीचा राग येत नाही. आणि त्याला उधार मात्र कोणी देणार नाही.

लेखक जॉन सलिव्हन. जन्म 1946, टूटिंगच्या शेजारच्या बॅलममध्ये, वडील प्लंबर. शिक्षकमंडळी बसली आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: हा मुलगा पंधराव्या वर्षी कोणतंही प्रमाणपत्र न घेता शाळेबाहेर पडला, पण एका इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्गात डिकन्स मोठ्याने वाचून दाखवला होता, तो त्याच्या कानात राहिला. पुढे पडेल ती कामं केली, संहिता पाठवल्या, त्या परत आल्या. शेवटी बीबीसीतच नेपथ्य हलवण्याची नोकरी धरली आणि डेनिस मेन विल्सन या निर्मात्याला गाठून आपली कल्पना ऐकवली. पुढची 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही त्याची मालिका अधिक गाजली. पण टूटिंगची गल्ली, तिथला पब, तिथली फुशारकी हे सगळं त्याच्या अंगणातलं होतं. परक्या वस्तीत जाऊन केलेली ही टिंगल नव्हती.

वुल्फी राहतो कुठे, ते बघा. त्याची प्रेयसी शर्ली, आणि तिच्याच वडिलांच्या घरात वरच्या मजल्यावर हा आणि केन भाडेकरू. वडील चार्ली जॉन्सन कट्टर देशभक्त, लांब केसांचा हा प्राणी त्यांना डोळ्यांसमोर नको. मालकवर्ग उलथून टाकायचा आणि पहिला मालक घरमालक, तोही होऊ घातलेला सासरा! सलिव्हनने भांडवलशाहीवर भाषण दिलं नाही, जिना दिला. वर क्रांती, खाली जेवणाचं टेबल. शिवाय खालच्या पबमध्ये हॅरी फेनिंग नावाचा गल्लीतला दादा. टूटिंगमध्ये खरी सत्ता कोणाची हे फेनिंगच्या एका नजरेत कळतं. वुल्फीची अकड तिथे जिरते. माझ्या मते मालिकेतला सर्वांत तिखट विनोद इथे आहे, कारण इथे सत्ताधारीही रंगमंचावर हजर असतो.

आता भाषांतराचं बघू, आपला खरा धंदा तोच. शीर्षकातला 'सिटिझन' साधा नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत 'मस्य' म्हणजे साहेब, महाशय हे संबोधन टाकून एकमेकांना 'नागरिक' म्हणायची पद्धत आली. त्यापुढे स्मिथ, इंग्लंडमधलं अगदी सर्वसामान्य आडनाव. गंमत त्या जोडीत आहे. मराठीत 'नागरिक स्मिथ' म्हटलं की नागरिकशास्त्राचं पुस्तक आठवतं. आपल्याकडे कम्युनिस्टांचं 'कॉम्रेड', समाजवाद्यांचं 'साथी', शेतकरी कामगार पक्षाचं 'भाई'. प्रत्येकाचा झेंडा वेगळा, म्हणून शब्द निवडला की पक्षही निवडला जातो. मी 'भाई' घेईन. मुंबईच्या बोलीत त्याला दुसराही अर्थ आहे, आणि तो फेनिंगला शोभतो. दोन भाई समोरासमोर, एक खरा, एक म्हणवून घेणारा.

दुसरी अडचण आपोआप सुटते. शर्लीची भाबडी आई वुल्फीला नेहमी 'फॉक्सी' म्हणते. इंग्रजीत लांडग्याचा कोल्हा होतो. मराठीत लांडगे आणि कोल्हे ही दोन्ही चांगली नांदती आडनावं. 'काय हो कोल्हे, चहा घेणार?' 'लांडगे, आई, लांडगे!' भाषेने अशी भेट दिली की अनुवादकाने निमूट घ्यावी.

पण एक हिशेब राहतो. पहिली मालिका नोव्हेंबर 1977 मध्ये सुरू झाली. त्याच लंडनच्या वायव्य भागात, विल्सडेनमध्ये, ग्रनविक या फोटो धुऊन देणाऱ्या कंपनीतला संप तेव्हा दुसऱ्या वर्षात होता. पुढे होत्या जयाबेन देसाई. मूळच्या चरोतरातल्या धर्मजच्या, आपल्या वडोदऱ्याहून काही फार दूर नाही. टांझानियामार्गे इंग्लंडला गेलेल्या, साडीतल्या, ठेंगण्या बाई. ऑगस्ट 1976 मध्ये त्या काम सोडून बाहेर पडल्या आणि युनियनला मान्यता मागितली. बहुतेक संपकरी आशियाई स्त्रिया होत्या. 1977च्या उन्हाळ्यात इंग्लंडभरचे कामगार त्यांच्या पाठिंब्याला फाटकावर आले. जुलै 1978 मध्ये मागणी पदरात न पडताच संप संपला.

म्हणजे खरी लढाई चालू असताना दूरदर्शनवर खोटी चालली होती. यावरून सलिव्हनला दोष द्यावा का? मी थोडा देतो. त्याच्या मालिकेत काम करणारी, वेतनावर जगणारी माणसं आहेत, शर्ली आहे; पण संघटनेची ताकद ज्यांच्या अंगी होती अशा स्त्रिया नाहीत. तरी एक गोष्ट त्याने केली नाही. अन्याय होतो हे वुल्फीचं म्हणणं त्याने कधी खोटं पाडलं नाही. हसायला येतं ते त्याच्या आळसाला, बढाईला आणि नेतेपदाच्या हौसेला. इंदूरकडच्या मंडळींना 'तुझे आहे तुजपाशी'तले आचार्य आठवतील. फरक इतकाच की आचार्यांभोवती मान आहे, शिष्य आहेत. वुल्फीला मान द्यायला कोणीच नाही, म्हणून तो स्वतःच घेतो.

आता रणगाड्याचा भाग, आणि मग तुमच्या संहितांकडे वळू. 1979 मध्ये वुल्फीची सेना सॉल्झबरीच्या माळावर सरावाला जाते. तिथे तिच्या हाती लष्कराचा एक रणगाडा लागतो. तो घेऊन ते थेट लंडन गाठतात, पार्लमेंटवर चाल करतात. आत कोणी नाही. अधिवेशन संपलेलं, सभासद सुट्टीवर. त्याच वर्षी मे महिन्यात मार्गारेट थॅचर मतपेटीतून सत्तेवर आल्या होत्या, हे प्रेक्षकांना सांगायची गरज नव्हती. पुढच्या मालिकेत ही मंडळी तुरुंगातून सुटून येतात.

या प्रसंगात सलिव्हनने वुल्फीला वाटेत बंद पडलेल्या रणगाड्यात अडकवलं असतं, तरी हशा मिळाला असता. त्याने त्याला पोहोचू दिलं. आता तुमच्या संहिता काढा आणि मोर्चा जिथे फसतो ते पान उघडा. मोर्चा साहेबाच्या दारापर्यंत पोहोचू द्या, दार उघडा, आणि आत कोण बसलंय ते लिहा. वीस मिनिटं आहेत.