पाडकामापूर्वीचे नव्वद दिवस



गिरगावात किंवा दादरला एखाद्या जुन्या इमारतीच्या दारावर 'अतिधोकादायक' अशी सूचना लागते, तेव्हा आतल्या कुटुंबांना प्रथमच कळते की आपल्या घराचे भवितव्य ठरलेले आहे. कोणी पाहणी केली, कोणत्या तुळईत दोष आढळला, दुरुस्तीचा पर्याय तपासला होता काय, हे प्रश्न त्यानंतर विचारले जातात. तोवर सामानाची बांधाबांध सुरू झालेली असते. जुन्या घराचे काय करावयाचे, याचा विचार निर्णयाच्या आधी व्हावा आणि तो त्या घरापासून चार पावलांच्या अंतरावर व्हावा, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. तो छोटा वाटेल. परंतु मुंबईच्या दक्षिण भागातील लक्षावधी माणसांच्या डोक्यावरचे छप्पर या एका प्रश्नाशी बांधलेले आहे.

ही घरे अशा अवस्थेला कशी आली, हे प्रथम पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोठविलेले भाडे स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तसेच ठेवले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानले गेले. भाडेकरूला रस्त्यावर काढले जाऊ नये हा हेतू रास्तच होता. मात्र ज्या इमारतीचे महिन्याचे एकूण उत्पन्न एका गवंड्याच्या चार दिवसांच्या मजुरीइतकेही उरले नाही, तिच्या कौलांवर खर्च कोण करणार? मालकाने हात आखडला, भाडेकरूने 'इमारत माझी नव्हे' म्हणून दुर्लक्ष केले आणि पावसाने आपले काम चोख बजावले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठलेले भाडे आता वाजवी राहिले नसल्याचे स्पष्ट केले. तोपर्यंत पन्नास पावसाळे होऊन गेले होते.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. रहिवाशांकडून उपकर घ्यावयाचा आणि त्यातून दुरुस्ती करावयाची, अशी ही योजना. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती १९४० पूर्वीच्या होत्या. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. एकूण तेरा हजारांच्या आसपास इमारती आजही उभ्या आहेत, असे मानले जाते. 'उभ्या' हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातील हुसैनी इमारत पडली आणि ३३ जणांचे प्राण गेले. जुन्या वास्तूंच्या सौंदर्यावर बोलणाऱ्याने हा आकडा विसरून बोलू नये.

आता दुसरी बाजू. एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. विकास नियंत्रण नियमावलीतील हा नियम ६७. देशातील कोणत्याही शहराने केलेला अशा प्रकारचा हा पहिलाच नियम होता आणि त्याचे श्रेय मुंबईला दिलेच पाहिजे. सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यांची सूची झाली, त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूला जवळजवळ हात लावावयाचा नाही, दुसऱ्या श्रेणीत मर्यादित बदल, तिसऱ्या श्रेणीत बराच अधिक. सूचीतील वास्तू पाडण्यापूर्वी वा बदलण्यापूर्वी वारसा समितीचा सल्ला घेणे महापालिका आयुक्तांवर बंधनकारक झाले. तो डावलावयाचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. ही नियमावली वाचताना तिच्या कर्त्यांची दूरदृष्टी जाणवते. बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूद तीत आहे. वारसा घरांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी उभारता येईल, असेही तीत म्हटले आहे.

परंतु समितीची रचना पाहा. निवृत्त वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष. सदस्यांत वास्तुविशारद, संरचना अभियंता, इतिहासाचे अभ्यासक, पर्यावरणाचे जाणकार. सारे विद्वान, सारे आवश्यक. ज्या गल्लीतील घरासंबंधी निर्णय व्हावयाचा, त्या गल्लीतील एकही माणूस मात्र त्यात नाही. घराचा सज्जा कोणत्या शैलीचा आहे हे समितीला ठाऊक असते. त्या सज्ज्याखालच्या सार्वजनिक नळाला पाणी किती वाजता येते आणि म्हातारी माणसे तीन जिने कशी चढतात, हे तिच्या टिपणात येत नाही.

याचे फळ २०१२ मध्ये दिसले. महापालिकेने सूचीत भर घालण्यासाठी नऊशेहून अधिक नोंदींची प्रस्तावित यादी प्रसिद्ध केली. तीत शिवाजी पार्कचा परिसर होता. १९३० च्या दशकातील त्या तीन-चार मजली इमारती, गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, जिन्यांच्या उभ्या खिडक्या आणि मैदानाभोवती सारखी उंची राखून उभी असलेली ती रांग. जपावी अशीच. आणि तेथील रहिवाशांनीच यादीला कडाडून विरोध केला. काही विद्वानांनी तेव्हा नाके मुरडली. मराठी माणसाला वारशाची किंमत नाही, इथपर्यंत मजल गेली.

हा आरोप अन्यायाचा होता. ज्या कुटुंबाने तीन पिढ्या त्या भिंतींत काढल्या, बारशापासून तेराव्यापर्यंत सारे त्या दोन खोल्यांत पाहिले, त्याला त्या घराची किंमत बाहेरून आलेल्याने शिकविण्याचे कारण नव्हते. त्याची भीती साधी होती. इमारतीला लिफ्ट नाही, गच्ची गळते, सळया गंजून छताचे तुकडे पडतात, दुरुस्तीला पैसा नाही आणि पुनर्विकासाचे एकच दार उघडे आहे. ते दार ही यादी बंद करणार. तिसऱ्या श्रेणीत किंवा परिसर-सूचीत पुनर्बांधणीला वाव असतो, हे त्याला कोणी वेळीच सांगितले नाही. टीडीआरची तरतूद कागदावर असली तरी ती आपल्या हातात कधी पडेल यावर त्याचा विश्वास नव्हता आणि तसा विश्वास बसावा असे फारसे काही घडलेही नव्हते. मग हरकती, सुनावण्या, फेरविचार यांत वर्षे गेली. त्या वर्षांत एकेक इमारत पडत गेली आणि तिच्या जागी मनोरे येत गेले.

याच काळातील, याच आर्ट डेको शैलीतील घरे ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह येथे आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना शेजारच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या प्रस्तावामागे तेथील रहिवाशांच्या संघटनांची अनेक वर्षांची खटपट होती. एकीकडे नागरिक स्वतः मागणी करतात, दुसरीकडे नागरिक मोर्चा काढतात. ओव्हलवरच्या प्रशस्त सदनिका आणि दादरच्या दोन खोल्या यांत अंतर आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याहून मोठे अंतर असे की, एका ठिकाणी विषय रहिवाशांच्या बैठकीत जन्मला आणि दुसऱ्या ठिकाणी तो वर्तमानपत्रातून कळला.

उपकरप्राप्त घरांची कथा तर याहून चमत्कारिक आहे. १९९९ मध्ये नियम ६७ मध्ये दुरुस्ती होऊन, तिसऱ्या श्रेणीतील उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास वारसा समितीच्या कक्षेतून वगळण्यात आला. रहिवाशांची अडचण दूर व्हावी हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य होते. पण घाऊक सूट दिल्याने, ज्या चार घरांची दुरुस्ती सहज शक्य होती तीही त्याच प्रवाहात गेली. आता अशा घराबाबत स्थानिक मत म्हणून जे काही उरले आहे ते भाडेकरूंचे संमतिपत्र. पूर्वी ७० टक्के संमती लागे, २०१८ पासून ५१ टक्के पुरते. संमती कोण गोळा करतो? विकासकाचा माणूस. पुढे २०२२ मध्ये अमलात आलेल्या कलम ७९-अ नुसार धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव मालकाने सहा महिन्यांत द्यावयाचा, त्याने न दिल्यास भाडेकरूंच्या संस्थेने, आणि तिनेही न दिल्यास म्हाडाने इमारत ताब्यात घ्यावयाची. हेतू चांगला आहे. तथापि या साऱ्या पायऱ्यांत 'ही इमारत पाडणे खरोखर आवश्यक आहे काय' असे शांतपणे विचारणारी पायरी कोठे आहे?

खोताची वाडी हे नाव यासंदर्भात घ्यावेच लागते. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी बांधलेली ती टुमदार घरे: बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे ओसरी, वर कौले. एके काळी तेथे ६५ घरे होती असे सांगतात; आज निम्मीही नाहीत. पर्यटक तेथे छायाचित्रे काढतात, परदेशी मासिके लेख छापतात. कौतुकाने कौले बदलली जात नाहीत.

उशिराचा विचार काय करतो, याचे आणखी एक उदाहरण पुण्यातले आहे. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ मध्ये महात्मा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. वाडा खाजगी, तळाशी दुकाने, त्यांचे गाळेधारक. मोबदल्याचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला आणि तेवढी वर्षे वाडा खचत राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, डिसेंबरमध्ये रात्रीच्या वेळी वाडा पाडण्यात आला. राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी झाली. ज्या भिंतींत ती शाळा भरली, त्या मात्र गेल्या. दुकानदारांशी सन्मानाने तडजोड वीस वर्षे आधी झाली असती, तर जतनाचा विचार तरी करता आला असता.

यावर उपाय काय? अमेरिकेतील बोस्टन शहराने १९९५ मध्येच, म्हणजे मुंबईच्या नियमावलीच्याच वर्षी, एक साधा नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी वास्तू पाडावयाची असेल तर प्रथम तपासणी, आणि ती महत्त्वाची ठरल्यास नव्वद दिवस थांबावयाचे. अर्जदाराने परिसरातील लोकांची सभा घेऊन पर्याय मांडावयाचे. नव्वद दिवसांनंतरही पर्याय न निघाल्यास परवाना मिळतो. बंदी नाही, जप्ती नाही. फक्त थांबणे आणि बोलणे. अनेक घरे त्या मुदतीनंतरही पडतात, हेही खरे. पण पडताना सर्वांना ठाऊक असते की ती का पडत आहेत.

मुंबई-पुण्यात पन्नास वर्षांची अट लावली तर अर्धे शहरच रांगेत उभे राहील, म्हणून वयाची मर्यादा वेगळी हवी. आणि जी इमारत आज-उद्या कोसळण्याच्या बेतात आहे, तिच्यासाठी नव्वद दिवस म्हणजे क्रूर थट्टा ठरेल. तेथे माणसे त्याच दिवशी बाहेर पडली पाहिजेत. परंतु बहुसंख्य इमारती त्या दोन टोकांच्या मध्ये आहेत. तेथे प्रभाग कार्यालयात सभा व्हावी. संरचनात्मक तपासणीचा अहवाल मराठीत, सोप्या शब्दांत, इमारतीच्या जिन्यापाशी लावला जावा. दुरुस्तीचा खर्च आणि पाडकामाचा लाभ शेजारी शेजारी मांडले जावेत. तपासणी करणारा अभियंता विकासकाने नेमलेला नसावा. दुरुस्तीचा निर्णय झाल्यास टीडीआर किती महिन्यांत मिळेल हे त्याच सभेत लेखी सांगितले जावे. त्याशिवाय कोणताही मालक ऐकणार नाही आणि त्याने का ऐकावे, याचे उत्तरही नाही. वारसा समितीचा एक सदस्य तेथे जमिनीवर बसून ऐकेल, तर शिवाजी पार्कसारखा प्रसंग पुन्हा ओढवण्याची शक्यता कमी होईल.

आणि जे घर पडणारच आहे, त्याचे मोजमाप, आराखडा व छायाचित्रे पाडकामाचा परवाना देण्यापूर्वी महापालिकेच्या दप्तरी जमा झाली पाहिजेत. त्याचा खर्च एकूण प्रकल्पात नगण्य असतो. आज तेवढेही होत नाही. पाडकामाचा ठेकेदार पहिल्या दिवशी जुने सागवान उतरवतो, कारण त्याला चांगला भाव येतो. खांब, कठडे, दारांच्या चौकटी आठवड्याभरात विकल्या जातात. कोणत्या घराचे ते लाकूड होते, याची नोंद विकणाऱ्याकडेही नसते आणि घेणाऱ्याकडेही नसते.