खेळाच्या वाटेने
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



माझा नातू ११ वर्षांचा असून तो स्वमग्न आहे. एवढे एक वाक्य या व्यासपीठावरून उच्चारण्यास मला सहा वर्षे लागली. धाकट्या कन्येचा विवाह जमेपर्यंत हा विषय चारचौघांत काढू नये, असे हितचिंतकांनी सुचविले आणि मी ते मानले. संमेलनास आम्ही येत असू. तो मात्र शेजाऱ्यांकडे राही. तो दोष माझा आहे.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचे सविस्तर वर्णन केले. आईच्या मायेत उणे पडल्याने ती जडते, ही पुढे रूढ झालेली समजूत शास्त्राने केव्हाच टाकली. आपल्या घरांतून ती अद्याप गेलेली नाही, आणि माझ्या सुनेने तिचे चटके सोसले आहेत.

आता व्हिडिओ गेमविषयी. हे नाव ऐकताच माझ्याही कपाळास आठी पडली होती. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात चौकोनी ठोकळ्यांचे जग असते. तेथील अहोरात्र २० मिनिटांत पुरी होते आणि आजचा नियम उद्याही तोच राहतो. माणसांच्या मुद्रा क्षणोक्षणी पालटतात. ठोकळे पालटत नाहीत. ज्याला अनपेक्षिताची धास्ती, त्याला यात केवढा विसावा असेल! कॅनडातील स्टुअर्ट डंकन या स्वमग्न मुलाच्या पित्याने २०१३ साली अशा मुलांसाठी ‘ऑटक्राफ्ट’ नावाचे या खेळाचे एक सुरक्षित दालनच उघडले. तेथे छळास थारा नाही, आणि बोलणे लिहून होते.

आमच्या घरी त्याचा चुलतभाऊ शेजारी बसू लागला. दोघांनी आमचा गावाकडचा वाडा रचावयास घेतला. ओसरी कोठे, यावर वाद झाला, आणि नातू प्रथमच म्हणाला, “थांब, आता माझी पाळी.” सुनेने स्वयंपाकघरातून ते ऐकले व पोळी तव्यावर तशीच करपू दिली.

परंतु गैरसमज नको. हा खेळ म्हणजे औषध नव्हे. वाचा-उपचार व शिक्षण चालूच आहे. खेळ एकाएकी बंद केल्यास आकांत होतो, म्हणून वाळूचे घड्याळ समोर ठेवतो आणि वाळू संपण्यापूर्वी दोनदा सूचना देतो. एकट्याने तासन्‌तास खेळू देणे हे मुलास सांभाळणे नव्हे, ती आपली सुटका होय.

यंदा तो येथे आला आहे. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसला आहे. टाळ्यांच्या आवाजाचा त्याला त्रास होतो. म्हणून आज त्या न वाजविल्यास मी आपला ऋणी राहीन.