बधिरांची भाषा आणि ऐकणाऱ्यांची सत्ता
(मुलुंड येथील अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न नेहमी विचारावा लागतो : भार कोणावर आणि लाभ कोणाला? कर्णबधिरांच्या शिक्षणाचा इतिहास या कसोटीवर घासून पाहिला म्हणजे दयेचा पडदा गळून पडतो आणि सत्तेचा व्यवहार उघडा होतो.

१८८० साली मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खुणांच्या भाषेपेक्षा तोंडी बोलणेच श्रेष्ठ, असा ठराव तिने केला. मत देणारे जवळजवळ सारे ऐकणारे होते. त्याच दशकात मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली आणि पुढे आपल्याकडेही मौखिक पद्धतीचेच राज्य राहिले. ओठ वाचा, उच्चार घोटा, हात खाली ठेवा! कधी न ऐकलेला ध्वनी गळ्यातून काढण्यात मुलांची कोवळी वर्षे खर्ची पडली. गणित आणि इतिहास मागे राहिले. समजून घेण्याचे सगळे श्रम न ऐकणाऱ्याचे. ऐकणाऱ्याने मात्र बोटही हलवायचे नाही!

तरीही ही भाषा मेली नाही. वसतिगृहांत, मधल्या सुट्टीत ती थोरल्यांकडून धाकट्यांकडे जात राहिली. मदन वसिष्ठ या स्वतः बधिर असलेल्या अभ्यासकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास केला. ही हातवाऱ्यांची गोळाबेरीज नसून व्याकरण असलेली भाषा आहे, हे अशा संशोधनाने सिद्ध झाले. आपल्या लोकलमधील अपंगांच्या राखीव डब्यात बधिर प्रवासी ठरवून भेटतात, गप्पा आणि बातम्यांची देवघेव करतात. समाजाने सभागृह दिले नाही, तेव्हा त्यांनी धावत्या गाडीत ते उभारले.

आता कायदा बदलला आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्र स्थापन झाले. २०१६च्या अपंग हक्क कायद्याने संप्रेषणाच्या व्याख्येत खुणांच्या भाषेचा समावेश केला आणि सरकारी नोकऱ्यांत बधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी एक टक्का जागा राखल्या. परंतु २०११च्या जनगणनेत ज्या सुमारे ५० लाख ७१ हजार लोकांची श्रवणदोष असलेले म्हणून नोंद झाली, त्यांच्यापैकी अनेकांच्या या भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान नाही.

कोणी म्हणेल, आता शस्त्रक्रियेने कानात यंत्र बसविता येते, मग खुणा कशाला? यंत्र ज्याला लाभेल त्याला जरूर मिळावे, तेही सरकारी खर्चाने. पण ते सर्वांपर्यंत पोहोचत नाही आणि सर्वांना सारखे उपयोगी पडत नाही. निकालाची वाट पाहत मुलाला भाषेवाचून ठेवणे हा अन्याय आहे. भाषेची पहिली वर्षे परत येत नाहीत.

मातृभाषेतून शिक्षण हा समाजवादी चळवळीचा जुना आग्रह. बहुसंख्य बधिर मुले ऐकणाऱ्या घरांत जन्मतात. म्हणून येथे आईलाच मुलाची भाषा शिकावी लागेल. तिला ती फुकट शिकविणे हे शासनाचे काम आहे. शाळेत बधिर शिक्षक, न्यायालयात व रुग्णालयात दुभाषा, फलाट बदलल्याची सूचना कर्ण्यावर देताना त्याच क्षणी फलकावरही देणे, या मागण्या उपकाराच्या नाहीत. गेल्या शतकाहून अधिक काळ एकाच बाजूने वाहिलेला भार वाटून घेण्याच्या आहेत. आपल्या वॉर्डातून, आपल्या शाळेतून त्या मांडण्यास आपण बांधलेले आहोत. मात्र त्या ठरविताना व्यासपीठावर बधिर बंधुभगिनी हव्यात. मिलानचा ठराव पुन्हा होता कामा नये.